अनवाणी कप्तान

भाताची कापणी आटोपली की आमच्या उधव्याच्या खाचरांतून फुटबॉल सुरू होतो. दोन बाजूंना दोन दोन दगड मांडले की गोल तयार! पायांत कुणाच्याच काही नसते. धसकटे टोचतात, टाचा फुटतात; पण चेंडू काही थांबत नाही. गेल्या वर्षी असाच खेळ संपवून वर्गात आलेल्या एका पोराने मला विचारले, "गुरुजी, बूट नव्हते म्हणून आपल्या देशाला वर्ल्ड कपात घेतले नाही, हे खरे का?"

मी "हो" म्हणणारच होतो. लहानपणापासून मीही तेच ऐकत आलो होतो. पण मास्तराने खात्री केल्यावाचून "हो" म्हणू नये. म्हणून "उद्या सांगतो" म्हटले आणि घरी जाऊन शोधाशोध केली. त्या शोधात जो माणूस भेटला, त्याचे नाव शैलेन मन्ना.

मन्नांचा जन्म १ सप्टेंबर १९२४ रोजी हावड्याला झाला. १९४२ साली ते कलकत्त्याच्या मोहन बागानमध्ये आले आणि १९६० पर्यंत त्या एकाच क्लबाकडून खेळले. नोकरी भूगर्भ सर्वेक्षण खात्यात. त्यांची जागा लेफ्ट बॅकची. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. गोल अडवणाऱ्याची आठवण मात्र तो चुकला की होते. अशा जागी उभे राहून ज्याने नाव मिळवले, तो मनाचा केवढा थंड असला पाहिजे! त्यांची फ्री किकही मोठी जोरकस होती.

स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते, तोच ३१ जुलै १९४८ चा दिवस उजाडला. लंडन ऑलिंपिकातला आपला सामना इल्फर्डच्या मैदानावर फ्रान्सशी होता. कप्तान होते नागा प्रदेशातून आलेले डॉक्टर तालिमेरेन आओ. आपले बहुतेक गडी अनवाणी उतरले; इंग्रज प्रेक्षक पाहातच राहिले. फ्रान्सचा गोल झाला, मग सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली. आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यांतली एक मन्नांची! शेवटच्या क्षणी फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण १–२ असे हरलो. त्या पायांचे कौतुक पुष्कळ झाले. पण ती एक पेनल्टी त्या तेवीस वर्षांच्या पोराला किती रात्री झोपू देत नसेल, हे ज्याच्या हातून ऐन वेळी काही निसटले आहे त्यालाच कळावे.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. १९५० साली ब्राझीलमध्ये वर्ल्ड कप होता. आशियातले इतर देश बाजूला झाल्यामुळे आपल्याला आयतीच जागा मिळाली. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपले नाव पडले. आणि आपण गेलोच नाही! फेडरेशनने कारणे दिली ती संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ अशी. बुटांचा त्यांत उल्लेख नाही. पुढे म्हातारपणी मन्नांनी सरळ सांगितले, की वर्ल्ड कप म्हणजे काय याची तेव्हा आम्हा खेळाडूंना कल्पनाच नव्हती. आमच्या लेखी ऑलिंपिक हेच सर्व काही होते. आणि खरोखर बूट नाहीत म्हणूनच दार बंद झाले असते, तर पुढे १९५२ च्या ऑलिंपिकात आपले काही गडी अनवाणी कसे खेळले असते?

मधल्या काळात एक सोन्याचा दिवस येऊन गेला. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ भरले. कप्तान मन्ना, आणि शिकवणारे हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर! हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला. इंडोनेशियाला ३–० आणि अफगाणिस्तानला ३–० असे हरवून आपण अंतिम सामन्यात आलो. १० मार्चला इराणविरुद्ध मेवालाल यांनी एकच गोल केला. बचावाने तो एक गोल शेवटपर्यंत सांभाळला आणि सुवर्णपदक आपले झाले.

पण दैव मोठे खोडकर. पुढच्याच वर्षी त्याच कप्तानाला घेऊन संघ हेलसिंकीला गेला. तिकडची थंडी, समोर युगोस्लाव्हियाचे कसलेले गडी. १५ जुलै १९५२ ला आपण १०–१ असे हरलो. आपला एकुलता गोल अहमद खान यांचा. दहा गोल ज्याच्या अंगावरून गेले, त्या बॅकचे आणि कप्तानाचे काय झाले असेल! त्यानंतर मात्र फेडरेशनने बूट सक्तीचे केले. जे आधीच करायला हवे होते, ते दहा गोल खाल्ल्यावर सुचले.

मन्ना खचले नाहीत, खेळत राहिले. आपल्या मुंबईकरांचा रोव्हर्स कप मोहन बागानने प्रथम जिंकला तो १९५५ साली, त्यांच्याच काळात. आणि १९५६ ला मेलबर्नला रहीमसाहेबांचा नवा संघ बूट घालून उतरला. मन्ना त्यात नव्हते. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले. उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया! या खेपेला पहिला गोल आपण केला, आणि हरलो तो ४–१ असा. दहाचे चार झाले ते चार वर्षांत. पाय तर आपलेच होते. बदलली होती ती तयारी.

मन्नांना १९७१ साली पद्मश्री मिळाली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ते वारले.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला हे सारे सांगितले. अनवाणी वीरांची गोष्ट ऐकायला गोड लागते, कारण तिच्यात सगळा दोष गरिबीवर ढकलता येतो. मग कुणालाच जाब द्यावा लागत नाही. पोराने सारे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे गुरुजी, पोरं खेळायला तयार होती. मोठ्यांनी त्यांना नेलं नाही, असंच ना?"

मी "हो" म्हटले. या खेपेला खात्री करून.

या दिवाळीला शाळेतल्या आम्ही चौघा शिक्षकांनी वर्गणी काढून अकरा जोड बूट आणले आहेत. मापे थोडी पुढेमागे आहेत. पोरे ते घालून अडखळत पळतात आणि एकमेकांना हसतात. पहिल्या दिवशी दोघांनी ते काढून कडेला ठेवले. मी त्यांना मन्नांच्या संघाचे हेलसिंकीतले दहा गोल मोजून दाखवले. दोघांनी मुकाट्याने पुन्हा नाड्या बांधल्या.