ऐकण्याच्या तासाचा इतिहास: भाषा प्रयोगशाळा आणि बंगळूर प्रकल्प

आपल्यापैकी अनेकांच्या महाविद्यालयात भाषा प्रयोगशाळा असते. ओळीने मांडलेले संगणक, हेडफोन, कानात येणारे एक वाक्य आणि ते जसेच्या तसे पुन्हा म्हणणारा विद्यार्थी. ही पद्धत आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला परकीय भाषा बोलणारी माणसे घाईने हवी होती. १९४३ मध्ये तेथील विद्यापीठांत लष्करासाठी सुरू झालेल्या वर्गांत तोंडी सरावावर भर होता. युद्धानंतर त्याला वर्तनवादी मानसशास्त्राचा आधार मिळाला. भाषा म्हणजे सवय. सवय घोटून लागते. टेपरेकॉर्डरने हे घोटणे सोपे केले. पुढे १९५९ मध्ये चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या पुस्तकाचे परखड परीक्षण लिहिले आणि या विचाराचा पाया हलला. खोल्या मात्र राहिल्या.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रयोग दक्षिण भारतात झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात काही शाळांमध्ये व्याकरणाच्या क्रमाने शिकवणेच थांबवले. शिक्षक रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा घेई, संपूर्ण वर्गाला इंग्रजीत प्रश्न विचारत एक कोडे सोडवी, मग तसेच दुसरे कोडे मुलांनी स्वतः सोडवायचे. कोणती गाडी पकडली तर वेळेवर पोहोचू? सूचना ऐकून आकृती कशी काढायची? उत्तर एका शब्दात चाले, कारण परीक्षा समजण्याची होती. मूल अर्थ लावण्यात गुंतले की भाषा नकळत मनात रुजते, ही प्रभूंची धारणा. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: गटकार्याबाबत ते साशंक होते. मुले एकमेकांची चुकीची वाक्ये उचलतील, त्यापेक्षा शिक्षकाचे बोलणे ऐकलेले बरे, असे त्यांचे मत. आजच्या प्रशिक्षण वर्गांत हे बोलून पाहा!

१९८५ मध्ये बेरेटा आणि डेव्हिस यांचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. कृतींवर आधारित चाचणीत प्रकल्पातील मुले पुढे होती, वाक्यरचनेच्या चाचणीत नेहमीच्या वर्गातली. म्हणजे चाचणी कोणती घ्यायची, यावर बरेच काही ठरत होते. आमच्या सत्रपरीक्षेत आजही रिकाम्या जागा भरायच्या असतात. साहजिकच विद्यार्थी वेळापत्रकाचे कोडे खेळ समजतात आणि वही मिटून ठेवतात.