मल्टिपाथ डिस्कचे स्थिर नामकरण

मल्टिपाथ डिस्कचे स्थिर नामकरण म्हणजे सर्व्हरपासून साठवण-यंत्रणेतील डिस्कपर्यंत एकाहून अधिक मार्ग असताना प्रत्येक डिस्कला कायम एकच नाव राहावे यासाठी केलेली व्यवस्था होय. प्रस्तुत लेखात लिनक्स संचालन प्रणालीतील व्यवस्थेचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

मोठ्या सर्व्हरच्या डिस्क पुष्कळदा त्याच्या पेटीत नसून फायबर चॅनेल किंवा आय-स्कझी जाळ्याने जोडलेल्या स्वतंत्र साठवण-यंत्रणेत असतात. एखादी केबल, स्विच वा नियंत्रक बिघडला तरी काम थांबू नये म्हणून अशा डिस्ककडे अनेक मार्ग ठेवले जातात. सर्व्हरमध्ये २ जोडणी-कार्डे आणि साठवण-यंत्रणेत २ नियंत्रक असल्यास एका डिस्ककडे ४ मार्ग जाऊ शकतात. कर्नेल प्रत्येक मार्गाला स्वतंत्र उपकरण मानते. त्यामुळे एकच डिस्क एसडीबी, एसडीसी, एसडीडी आणि एसडीई अशा ४ नावांनी दिसते. अशा १० डिस्क असल्यास नावे ४० होतात.

नावे बदलण्याचे कारण

ही नावे डिस्कच्या ओळखीवरून नव्हे, तर ती ज्या क्रमाने सापडतात त्यावरून दिली जातात. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर, नवी डिस्क जोडल्यावर किंवा एखादा मार्ग उशिरा उपलब्ध झाल्यावर हा क्रम बदलू शकतो. काल एसडीबी असलेले नाव आज निराळ्याच डिस्कचे असू शकते. जुन्या नावावर विसंबून फाईल प्रणाली नव्याने तयार केल्यास भलत्याच डिस्कवरील माहिती नष्ट होते.

ओळखक्रमांक

प्रत्येक डिस्कला डब्ल्यूडब्ल्यूआयडी हा जागतिक ओळखक्रमांक असतो. तो साठवण-यंत्रणेकडूनच कळतो आणि कोणत्याही मार्गाने विचारणा केली तरी तोच मिळतो. मल्टिपाथडी ही पार्श्वभूमीत चालणारी आज्ञावली समान क्रमांकाचे मार्ग एकत्र करते व डिव्हाइस मॅपरच्या साहाय्याने त्यांचे एकच उपकरण बनवते. हे उपकरण ‘मॅपर’ या निर्देशिकेत दिसते.

नावांचे प्रकार

मूळ ओळखक्रमांक : हेच नाव वापरल्यास ते सर्व सर्व्हरांवर सारखे राहते, परंतु लांबलचक असल्यामुळे वाचताना चूक होण्याचा संभव असतो.

सुलभ नाव : ‘युजर फ्रेंडली नेम्स’ ही सोय सुरू केल्यास एमपाथए, एमपाथबी अशी नावे मिळतात. कोणते नाव कोणत्या क्रमांकाचे, याची नोंद प्रत्येक सर्व्हरवरील ‘बाइंडिंग्ज’ फाईलमध्ये असते. त्यामुळे एका सर्व्हरवरील एमपाथए दुसऱ्यावर वेगळीच डिस्क असू शकते.

टोपणनाव : ‘मल्टिपाथ.कॉन्फ’ या फाईलमध्ये ओळखक्रमांकापुढे व्यवस्थापक स्वतः अर्थपूर्ण नाव लिहितो. समान डिस्क वापरणाऱ्या सर्व सर्व्हरांवर या नोंदी सारख्या ठेवल्यास नावेही सारखी राहतात. क्लस्टरसाठी ही पद्धत सोयीची ठरते.

डीएम-०, डीएम-१ ही नावे कर्नेलच्या अंतर्गत वापरासाठी असून तीही बदलू शकतात. म्हणून ती संरचना-फाईलमध्ये लिहू नयेत.

घ्यावयाची दक्षता

फाईल प्रणालीचा यूयूआयडी स्थिर असला, तरी तो डिस्कवरच लिहिलेला असल्यामुळे प्रत्येक मार्गावरून सारखाच दिसतो. मल्टिपाथ सज्ज होण्यापूर्वी त्याच्या आधारे डिस्क जोडली गेल्यास एकच मार्ग वापरात येतो आणि तो तुटताच काम बंद पडते. साठवण-यंत्रणेत डिस्कची हुबेहूब प्रत काढल्यास यूयूआयडीचीही नक्कल होते. डब्ल्यूडब्ल्यूआयडी मात्र वेगळा राहतो. म्हणून ‘एफएसटॅब’ फाईलमध्ये मॅपर निर्देशिकेतील नाव देणे हितावह असते. एलव्हीएम वापरत असल्यास त्याने सुटे मार्ग न वाचता केवळ मल्टिपाथ उपकरण वाचावे, अशी चाळणी लावता येते.

प्रणालीची मूळ डिस्कच मल्टिपाथवर असल्यास ती सुरू होताना वापरली जाणारी इनिटरॅमएफएस प्रतिमा महत्त्वाची ठरते. नावांत बदल केल्यावर ही प्रतिमा नव्याने तयार न केल्यास तिच्यातील जुन्या नोंदींमुळे पुढच्या वेळी जुनीच नावे परत येऊ शकतात.