वीस मीटरचा हिशेब

डिसेंबर २०१२मध्ये ब्रिटनच्या सरकारने अपंगांच्या नव्या भत्त्याचे नियम पक्के केले आणि त्यात २० मीटर हा आकडा अवतरला. आधीच्या मसुद्यात ५० मीटर होते. ज्याला २० मीटरपुढे पाऊल उचलवत नाही, तोच यापुढे प्रवासभत्त्याच्या वरच्या दराचा हक्कदार. तीस-चाळीस मीटर कसेबसे रेटणारा खालच्या दरात. लंडनच्या दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या की साधारण २० मीटर भरतात. वरच्या दराच्या पैशांतून मोटॅबिलिटी योजनेत मोटार भाड्याने मिळते. त्यामुळे दर गेला की मोटार गेली, आणि मोटारीच्या जोरावर नोकरी टिकवणाऱ्याची नोकरीही डळमळली. गंमत अशी की सरकारचीच पदपथांविषयीची मार्गदर्शिका अपंगांना दम घ्यायला दर ५० मीटरवर बसायची सोय हवी, असे सांगत होती.

या नियमांचा उगम शोधायला जून २०१०च्या तातडीच्या अर्थसंकल्पापर्यंत मागे जावे लागते. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी ‘डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’, म्हणजे डीएलए, या आधीच्या भत्त्यासाठी नवी तपासणी जाहीर केली आणि तिच्यातून किती वाचेल तेही सांगून टाकले: २० टक्के. तपासणीत काय विचारायचे, गुण कसे द्यायचे, यातले काहीच तेव्हा ठरलेले नव्हते. आधी कळस, मग पाया. ब्रिटनमधल्या अपंगभत्त्यांच्या भांडणाचा इतिहास बराचसा अशा उलट्या बांधकामाचा आहे, आणि त्या बांधकामाखाली उभ्या असलेल्यांनी वर पाहून विचारलेल्या प्रश्नांचाही.

प्रश्न विचारायला सुरुवात केली ती गृहिणींनी.

विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२च्या अहवालावर आधारलेली सामाजिक विम्याची व्यवस्था ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिच्यात अपंगत्व कुठे आले यावर पैसे ठरत. रणांगणावर पाय गेला तर युद्धातल्या जखमींचे निवृत्तिवेतन, कारखान्यात गेला तर औद्योगिक अपघाताचा भत्ता. तो जन्मापासूनच अधू असेल, किंवा पगार आणि विम्याचा हप्ता सुरू होण्याआधीच आजाराने निकामी झाला असेल, तर आपली गरिबी सिद्ध करून मिळेल तेवढी मदत. विवाहित स्त्रीचा हिशेब नवऱ्याच्या विम्यात धरलेला. ती घर चालवते, मुले वाढवते आणि ती अंथरुणाला खिळली तर या सगळ्यासाठी माणूस ठेवावा लागतो, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नव्हती.

१९६५मध्ये मेगन डू बॉइसन या गृहिणीने ‘गार्डियन’मध्ये याविषयी पत्र लिहिले. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता, आणि तिची सहकारी बेरिट मूर हिलाही तोच आजार. पत्राला इतका प्रतिसाद आला की त्यातून ‘डिसेबलमेंट इन्कम ग्रुप’ ही संघटना उभी राहिली. तिचे लघुरूप ‘डिग’. मागणी साधी होती: अपंगत्व कशामुळे आले ते विचारू नका, किती आहे ते पाहा आणि त्या प्रमाणात पैसे द्या. डू बॉइसन १९६९मध्ये मोटार अपघातात गेली. पुढच्याच वर्षी मजूर पक्षाचे खासदार आल्फ मॉरिस यांनी खासगी विधेयकाच्या वाटेने दीर्घ आजारी व अपंग व्यक्तींसाठीचा कायदा मंजूर करून घेतला. १९७१मध्ये सतत देखभाल लागणाऱ्यांसाठी भत्ता आला, १९७६मध्ये प्रवासभत्ता. मॉरिस तोवर अपंगांच्या खात्याचे मंत्री झाले होते. जगात असे मंत्रिपद पहिलेच.

पण हातात आलेल्या भत्त्याला मोजपट्टी चिकटलेलीच होती. १९७५मध्ये विम्याचे हप्ते न भरलेल्या अपंग पुरुषांना आणि अविवाहित स्त्रियांना निवृत्तिवेतन मिळू लागले. त्यांनी नोकरी करता येत नाही एवढेच दाखवायचे. विवाहित स्त्रियांना मात्र १९७७पर्यंत थांबावे लागले, आणि त्यांच्यासाठी परीक्षा दुहेरी. नोकरी करता येत नाही हे तर दाखवायचेच, शिवाय ‘घरातली नेहमीची कामे’ही जमत नाहीत हे सिद्ध करायचे. म्हणजे व्हीलचेअरवर बसून बटाटे सोलणाऱ्या बाईने आपल्या जिद्दीची किंमत भत्ता गमावून मोजायची. घरकाम न जमणाऱ्या पुरुषाला हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारला असता तर निम्मे ब्रिटन पात्र ठरले असते. ही चाचणी १९८४मध्ये गेली. अपंगांची देखभाल करणाऱ्यांच्या भत्त्यातूनही विवाहित स्त्रिया अशाच वगळलेल्या होत्या, कारण त्या तशाही घरीच असतात असे धरलेले. आईच्या देखभालीसाठी नोकरी सोडलेल्या एका विवाहितेने हे प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत नेले. जून १९८६मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. आदल्याच दिवशी सरकारने शहाणपण दाखवून तो भत्ता विवाहितांना खुला केल्याचे जाहीर करून टाकले होते.

ऐंशीच्या दशकात खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडले. पन्नाशीतल्या खाणकामगाराची छाती खराब, गुडघे गेलेले, आणि गावात दुसरे काम नाही. अशांची नोंद बेकारांत होण्याऐवजी आजारी म्हणून झाली, तर बेकारीचा आकडा थोडा देखणा दिसे. सरकारने त्याकडे काणाडोळा केला, आणि मग आजारीपणाच्या भत्त्यावरची माणसे दुपटीहून अधिक वाढली म्हणून कपाळावर हात मारला. १९९५मध्ये हुजूर पक्षाचे मंत्री पीटर लिली यांनी नवा भत्ता आणि त्याबरोबर नवी चाचणी आणली: चालणे, बसणे, जिने चढणे, वाकणे, उचलणे यांना गुण, १५ गुण भरले तर माणूस कामाला असमर्थ. शरीराची अशी गुणपत्रिका तेव्हापासून ब्रिटिश कारभारात मुरली.

टोनी ब्लेअर यांचे मजूर सरकार १९९७मध्ये आले, तेव्हा अनेकांना वाटले की आता कात्री म्यान होईल. त्याच वर्षीच्या २२ डिसेंबरला व्हीलचेअरवरचे निदर्शक पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या फाटकाशी लाल रंग ओतत होते. कपातीचा बेत बाहेर फुटला होता, आणि मंत्रिमंडळातले अंध शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांचे त्याविरुद्धचे पत्रही. रंग ओतणाऱ्या ‘डॅन’ या गटाची माणसे त्याआधी बसगाड्यांना स्वतःला बेड्यांनी जखडून घेत असत. व्हीलचेअर चढत नाही अशा बस रोखण्याचा तो मार्ग. १९९९मध्ये भत्त्यातून खासगी निवृत्तिवेतनाची वजावट करण्याचे विधेयक आले, तेव्हा मजूर पक्षाचे साठहून अधिक खासदार आपल्याच सरकारविरुद्ध गेले. लॉर्ड्समध्ये विरोधाचे नेतृत्व जॅक ॲशली यांनी केले. ऐकू येणे बंद झाल्यावरही ओठ वाचत संसदेत टिकलेले हे गृहस्थ पक्षाचे जुने निष्ठावंत. विधेयक मंजूर झाले, पण वजावटीची सुरुवात आठवड्याला ५० पौंडांऐवजी ८५ पौंडांच्या निवृत्तिवेतनापासून करण्यावर सरकारला यावे लागले.

२००८मध्ये आणखी एक भत्ता, आणखी एक चाचणी. तिचे कंत्राट ‘अ‍ॅटॉस’ या फ्रेंच कंपनीकडे. जुन्या भत्त्यावरच्या पंधरा लाखांच्या आसपास लोकांची २०११पासून फेरतपासणी सुरू झाली; नाकारलेल्यांपैकी जे अपिलात गेले, त्यांतले दहात चारच्या आसपास जिंकू लागले. परीक्षक इतका चुकत असेल तर परीक्षेवरच शंका घ्यावी, पण तसे झाले नाही.

या टप्प्यावर विरोधाचे रूप बदलले. डीएलएच्या सुधारणेवर लोकांनी आणि संस्थांनी सरकारला काय कळवले होते, ते आजारी आणि अपंग मंडळींनी माहितीच्या अधिकारात मागवून घेतले, वर्गणी काढून त्याचा अहवाल केला. जानेवारी २०१२मध्ये आलेला हा अहवाल ‘स्पार्टाकस’ नावाने गाजला. ज्या सल्लामसलतीचा हवाला मंत्री देत होते, तिच्यातल्या उत्तरांत बहुतेकांचा विरोधच होता, हे त्याने दाखवले. लिहिणाऱ्यांतले कित्येक जण अंथरुणातून लिहीत होते. त्याच आठवड्यात लॉर्ड्सने आजारपणाच्या भत्त्यावरच्या कलमांवर सरकारचा तीनदा पराभव केला. कॉमन्सने आर्थिक बाबींतला आपला विशेषाधिकार पुढे करून ते पराभव पुसून टाकले. त्याच महिन्यात लंडनच्या ऑक्सफर्ड सर्कसला व्हीलचेअर साखळीने जोडून रस्ता अडवला गेला. सप्टेंबरमध्ये पॅरालिम्पिकच्या भरलेल्या मैदानात पदके द्यायला ऑस्बोर्न उतरले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. खेळांच्या प्रायोजकांत अ‍ॅटॉसही होती, आणि त्यासाठी तिच्या कार्यालयापुढे निदर्शनेही झाली.

मार्च २०१६च्या अर्थसंकल्पात डीएलएच्या जागी आलेल्या ‘पिप’ या भत्त्यातच आणखी ४.४ अब्ज पौंडांची कपात जाहीर झाली. कपडे घालायला किंवा शौचाला साधनाचा आधार घेणाऱ्यांचे गुण निम्मे करून ती साधायची होती. दोनच दिवसांनी भत्त्यांच्या खात्याचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी राजीनामा दिला. श्रीमंतांना करसवलत देणाऱ्या अर्थसंकल्पात ही कपात समर्थनीय नाही, असे त्यांचे म्हणणे. सहा वर्षे हीच कात्री चालवलेल्या माणसाच्या तोंडी हे ऐकून निदर्शकांना हसावे की रडावे ते कळेना. कपात मागे घेतली गेली.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. कोविडनंतर आजारपणाच्या भत्त्यांवरचा खर्च खरोखर वेगाने चढला. पिपला रोज सुमारे हजार नवे लोक पात्र ठरतात, असे २०२५मध्ये मंत्री लिझ केंडल सांगत होत्या. मानसिक आजारांचे प्रमाण त्यात मोठे. पण कात्रीने तो चढ उतरवला असे दिसत नाही. डीएलएवर २० टक्के वाचणार होते. प्रत्यक्षात पिपचा खर्च उलट वाढला. दात कोरून पोट भरत नाही, एवढे तरी त्या प्रयोगातून कळायला हरकत नव्हती.

कळले नाही. १८ मार्च २०२५ रोजी केंडल यांनी पाच अब्जांच्या आसपास बचतीचा आराखडा मांडला. पिप मिळायला एकूण ८ गुण पुरेसे होते. यापुढे दैनंदिन जीवनाच्या निदान एका कामात ४ गुण हवेत, असा प्रस्ताव होता. आंघोळीचे पाहा: कमरेखालचे अंग किंवा केस धुवायला माणूस लागत असेल तर २ गुण, खांद्यापासून कमरेपर्यंत धुवायला लागत असेल तर ४. म्हणजे ज्याला अंग धुवायला, कपडे घालायला, स्वयंपाकाला, औषधे घ्यायला थोडी थोडी मदत लागते तो बाद झाला असता. आठवड्याभराने अर्थसंकल्प तपासणाऱ्या हिशेबनिसांनी बचत कमी भरते असे सांगितले, तर ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या दुसऱ्या भत्त्यातल्या आजारपणाच्या रकमेचा दर २०३०पर्यंत गोठवून खड्डा भरण्यात आला. निकष आकड्यासाठी आहेत की आकडा निकषांसाठी, याचे उत्तर इतक्या उघडपणे क्वचितच मिळाले असेल. सरकारच्याच अंदाजानुसार आठ लाख लोक पिपच्या रकमेला मुकणार होते आणि अडीच लाख गरिबीत ढकलले जाणार होते.

मजूर पक्षाच्या १२०हून अधिक खासदारांनी विधेयक अडवण्याच्या दुरुस्तीवर सह्या केल्या. प्रतोद व्हिकी फॉक्सक्रॉफ्ट यांनी पद सोडले. आधी जुन्या लाभार्थींना अभय मिळाले. मग १ जुलैला, सभागृहात चर्चा चालू असताना, मंत्री स्टीफन टिम्स यांनी पिपचे कलमच काढून घेत असल्याचे जाहीर केले. ३३५ विरुद्ध २६० मतांनी विधेयक पुढे सरकले. तरीही मजूर पक्षाचे ४९ खासदार विरोधात गेले. पिपची नवी मोजपट्टी आता टिम्स यांनीच अपंगांना बरोबर घेऊन आखायची, असे ठरले.

पिपचे कलम गेले, तरी दुसऱ्या भत्त्यातली कपात मात्र राहिली. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये आजारपणामुळे मिळणारी वाढीव रक्कम एप्रिल २०२६पासूनच्या बहुतेक नव्या अर्जदारांसाठी महिना २१७ पौंडांवर आणली गेली, आधीपासूनच्यांना ती ४३०च्या आसपास. अतिगंभीर आजारी आणि मरणासन्न यांना त्यातून सूट आहे. बाकी एकाच इमारतीत, एकाच आजाराचे दोघे असतील, तर कोणाचा हक्क मार्चमध्ये सुरू झाला आणि कोणाचा एप्रिलमध्ये, यावर त्यांच्या रकमेत दुपटीचा फरक पडतो.