कऱ्हाडवरून गेलेली सावली आणि एक हिरवी रेषा

लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. दंतकथेच्या गाजावाजात या दुसऱ्या ग्रहणाचे खरे श्रेय मात्र हरवले.

त्या पौष अमावास्येला चंद्राची सावली विजयदुर्गाहून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे सरकली. ही दोन ठिकाणे जोडणारी रेषा नकाशावर ओढली, तर ती सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड-वडूज परिसरातून जाते. शिराळ्याचा मुलूखही सावलीत होता; सांगली शहराला मात्र ग्रहण खंडग्रासच दिसले. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला वेध घेण्यास सज्ज होते. हाती होती जेमतेम दोन मिनिटे.

सूर्याच्या प्रभामंडळाच्या वर्णपटात १८६९ पासून एक हिरवी रेषा ठाऊक होती. तिची तरंगलांबी ५३१७ अँगस्ट्रॉम मानली जाई. विजयदुर्ग व जेऊर येथील छायाचित्रांनी ती ५३०३ च्या आसपास आणून ठेवली. या जागी कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याची रेषा बसेना, म्हणून ‘कोरोनियम’ या काल्पनिक मूलद्रव्यावरचा विश्वास टिकून राहिला.

कोडे सुटायला चार दशके लागली. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून कळले की ही रेषा लोखंडाचीच, पण २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. इतके इलेक्ट्रॉन निघायचे, तर तापमान दहा-वीस लाख अंश हवे.

मग ती प्रयोगशाळेत का दिसली नव्हती? उत्तर संक्रमणाच्या गणितात आहे. उत्तेजित अणू सहसा सेकंदाच्या काही कोट्यंशांत प्रकाश सोडून शांत होतो. या अवस्थेची संक्रमण-संभाव्यता सेकंदाला सुमारे ६० एवढीच, म्हणजे आयुर्मान सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्या वेळात दाट वायूत दुसरा कण येऊन धडकतो आणि ऊर्जा हिरावून नेतो. विरळ प्रभामंडळात अणूला उसंत मिळते. अलीकडे आयन-सापळ्यांतील मोजमापांनीही हे आयुर्मान सुमारे १७ मिलिसेकंद असल्याचे दाखवले.

२०२३ मध्ये झेपावलेल्या ‘आदित्य-एल१’वरील प्रभामंडळदर्शक याच ५३०३ च्या रेषेचे वेध घेतो. विजयदुर्गावर फलक लावायचाच, तर तो या रेषेचा लावावा.