दंतठसा द्रव्ये

दंतठसा द्रव्ये म्हणजे दात, हिरड्या व तोंडातील आसपासच्या भागांचा हुबेहूब ठसा घेण्यासाठी दंतवैद्यकात वापरले जाणारे पदार्थ होत. हे द्रव्य मऊ स्थितीत ट्रेमध्ये भरून तोंडात बसवतात आणि घट्ट झाल्यावर बाहेर काढतात. मिळालेला ठसा उलटा असतो; म्हणजे दाताच्या जागी खळगा उमटतो. त्यात जिप्समचे पातळ मिश्रण ओतले की ते कडक होऊन दातांची सुलटी प्रतिकृती तयार होते. कवळी, दातावरील कॅप, ब्रिज व दात सरळ करणारी अनेक उपकरणे या प्रतिकृतीच्या आधारे बनवतात. त्यामुळे ठशातील दोष पुढील प्रत्येक टप्प्यात उतरतो. परिणामी कवळी सैल बसते, किंवा कॅपच्या कडेला फट राहून तेथे दात पुन्हा किडू शकतो.

आवश्यक गुणधर्म

द्रव्य बारीक फटींत शिरण्याइतके प्रवाही, पण घशाकडे ओघळणार नाही इतके दाट असावे. ते तोंडाच्या तापमानाला काही मिनिटांत घट्ट व्हावे, ओलसर पृष्ठभागावर नीट पसरावे आणि विषारी किंवा दाहक नसावे. दात हिरडीजवळ निमुळता असतो. म्हणून ठसा काढताना द्रव्य ताणले जाते. ताण सुटताच ते मूळ आकारात परतले पाहिजे व फाटता कामा नये. प्रतिकृती तयार होईपर्यंत ठशाचे आकारमान बदलू नये, हाही महत्त्वाचा निकष आहे.

अलवचिक द्रव्ये

ठसा घेण्याचे प्लास्टर, गरम पाण्यात मऊ होणारे इम्प्रेशन कंपाउंड आणि झिंक ऑक्साइड-युजेनॉल पेस्ट ही या गटातील द्रव्ये होत. युजेनॉल हा लवंगेच्या तेलातील मुख्य घटक आहे. घट्ट झाल्यावर ही द्रव्ये वाकत नाहीत, म्हणून दात असलेल्या जबड्यात ती अडकतात किंवा तुटतात. दात नसलेल्या जबड्याचा ठसा घेताना मात्र कंपाउंड व पेस्ट उपयोगी पडतात.

जलयुक्त लवचिक द्रव्ये

अगार हे लाल सागरी शैवालापासून मिळते. ते तापवल्यास पातळ होते व थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून होणारा अगारचा पुरवठा खुंटल्याने तपकिरी शैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या वापराला चालना मिळाली. अल्जिनेटची भुकटी पाण्यात कालवली की विद्राव्य अल्जिनेट व कॅल्शियम सल्फेट यांच्यात अभिक्रिया होऊन कॅल्शियम अल्जिनेटचा जेल बनतो. ही क्रिया उलटवता येत नाही. पाणी थंड असल्यास घट्ट होण्यास अधिक वेळ लागतो, ही बाब उष्ण हवामानात उपयोगी ठरते.

अल्जिनेट स्वस्त व वापरण्यास सोपे असते. परंतु त्याचा ठसा उघड्यावर राहिल्यास पाणी गमावून आक्रसतो आणि पाण्यात ठेवल्यास फुगतो. म्हणून त्यात जिप्सम लवकरात लवकर ओततात. निदानासाठीच्या प्रतिकृती व प्राथमिक ठसे यांसाठी ते योग्य असते. कॅपच्या अचूक ठशासाठी सहसा वापरत नाहीत.

रबरसदृश द्रव्ये

या गटातील पॉलिसल्फाइडला उग्र वास असतो व ते सावकाश घट्ट होते. संघनन सिलिकोनमधून अभिक्रियेत तयार झालेले अल्कोहोल उडून जाते, त्यामुळे ठसा आक्रसतो. पॉलिईथर ओलाव्यातही बारकावे चांगले टिपते. पण ते ताठ असल्याने ठसा काढणे अवघड जाऊ शकते. योगशील सिलिकोनमध्ये असा उपपदार्थ तयार होत नाही. ते ताणानंतर जवळजवळ पूर्णपणे मूळ आकारात परतते आणि त्याच्या ठशात काही दिवसांनीही जिप्सम ओतता येते. मात्र लॅटेक्सच्या हातमोज्यांतील गंधकयुक्त घटकांमुळे ते नीट घट्ट होत नाही. कॅप व ब्रिज यांसाठी पॉलिईथर व योगशील सिलिकोन मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

निर्जंतुकीकरण व अंकीय ठसे

ठशाला लाळ व रक्त लागलेले असते. प्रयोगशाळेत संसर्ग पोहोचू नये म्हणून तो वाहत्या पाण्यात धुऊन द्रव्याला मानवेल अशा जंतुनाशकाने निर्जंतुक करतात. अल्जिनेट व पॉलिईथर पाणी शोषतात, म्हणून ते द्रावणात दीर्घकाळ बुडवून ठेवत नाहीत.

अलीकडे तोंडातील स्कॅनरने दातांची त्रिमितीय प्रतिमा घेतली जाते. त्यामुळे ट्रेमुळे येणारी मळमळ टळते. तथापि हिरडीखालील कडा रक्ताने किंवा लाळेने झाकली असल्यास स्कॅनरला ती दिसत नाही. दात नसलेल्या जबड्याच्या हलत्या, मऊ कडाही त्याला अचूक टिपणे कठीण जाते. त्यामुळे ठसा द्रव्यांची गरज अद्याप टिकून आहे.