ध्रुव वीणा आणि चल वीणा

वाद्यांत फेरफार करावा कीं न करावा, आणि करावयाचा तर तो कोणत्या रीतीनें, हा प्रश्न हल्लीं विजेची गिटार वाजविणाऱ्या तरुणांत वारंवार निघतो. कोणी तिचे पिकअप बदलूं पाहतो, कोणी लांकूडच कोरूं पाहतो. हा प्रश्न केवळ हौसेचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. कारण एकदां कोरलेलें लांकूड पुन्हां भरून येत नाहीं. सुदैवानें अशा विचाराची एक शिस्त आमच्या छत्रपति संभाजीनगरच्या उंबरठ्यावरच घालून दिलेली आहे.

येथून सुमारें १५ किलोमीटरांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेथें यादव राजा सिंघण (इ. स. १२१०–१२४७) याच्या पदरीं शार्ङ्गदेव हा मूळच्या काश्मिरी घराण्यांतील पंडित हिशेबाचा अधिकारी होता. सप्तकांतील २२ श्रुति कानास पटवून देण्यासाठीं तो आपल्या ‘संगीतरत्नाकरां’त बावीस-बावीस तारांच्या दोन सारख्या वीणा घेण्यास सांगतो. एक ध्रुव, तिला मुळींच हात लावावयाचा नाहीं. दुसरी चल, तिचे स्वर एकेक श्रुतीनें चार वेळां उतरवावयाचे. दुसऱ्या पायरीस चल वीणेचे गांधार व निषाद हे ध्रुव वीणेच्या ऋषभ व धैवतांस मिळतात. तिसरीस ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमांस. आणि चौथीस षड्ज, मध्यम व पंचम हे आपापल्या खालच्या स्वरांस. बदल किती झाला हें न बदललेल्या वीणेवरूनच कळतें, हें या प्रयोगाचें मर्म होय.

या कसोटीवर हार्मोनियमचा इतिहास पाहण्यासारखा आहे. पॅरिसच्या दबँ यानें १८४२ सालीं पेटंट घेतलेलें हें वाद्य पायानें हवा भरण्याचें होतें. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास त्याचा भाता हातानें चालेल असा केला. आम्ही बैठकीवर बसून गातों, आणि आमच्या संगीतास एक हात पुरतो. म्हणून हा फेरफार तत्काळ रुजला. दुसरा फेरफार सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं योजिला. पेटीचे बारा स्वर समान अंतरांवर बसविलेले असल्यानें तिचा गांधार नैसर्गिक गांधारापेक्षां सुमारें १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकीं १४ भाग, चढा लागतो. देवलांनीं १९१० सालीं २२ श्रुतींवर ग्रंथ लिहिला, आणि क्लेमेंट्स या न्यायाधिशाच्या साह्यानें श्रुति-हार्मोनियम करविला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेपुढें तो आला. पण सर्वमान्य झाला नाहीं. तो खटाटोप थोर होता, तरी पेटीची मोठी उणीव मींडेची; ती श्रुति वाढवून भरण्यासारखी नव्हती. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनें पेटी दूर ठेविली. इकडे गोविंदराव टेंबे यांच्यासारखे वादक साध्या पेटीवरच बोटांच्या करामतीनें मैफल जिंकीत होते.

गिटारीचे पडदेही त्याच समान अंतरांचे. परंतु तेथें उपाय निराळा निघाला. तारा पडद्यांपासून उंच उचलून त्यांवर धातूची दांडी फिरविली कीं मींड आपोआप येते, आणि पडद्यांचें बंधन सुटतें. ब्रिजभूषण काबरा यांनीं १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत याच रीतीची गिटार वाजविली. रोग कोणता हें अगोदर ओळखलें म्हणून उपाय लागू पडला.

तेव्हां तरुण वादकानें प्रथम आपणांस काय खुपतें तें एका वाक्यांत सांगावें. मग तारांची जाडी, ब्रिजची उंची, असे परत फिरवितां येणारे बदल आधीं करावे, आणि तेही एका वेळीं एकच. पिकअप बदलल्यास जुने जपून ठेवावे, आणि बदलापूर्वींचा नाद ध्वनिमुद्रित करून ठेवावा. तीच त्याची ध्रुव वीणा. करवत मात्र सर्वांत शेवटीं. एवढें करूनही फरक कानास न पटला, तर दोष वाद्यांत नसून रियाजांत असण्याचा संभव अधिक, असें आमचें मत आहे.