नदीची परिक्रमा आणि सागराची परिक्रमा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख लिहावा, असे आम्हांस सुचविण्यात आले, तेव्हा अपेक्षा अर्थातच जबलपुरातील मराठी वसाहतीच्या इतिहासाची होती. सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य जिंकले, १७९८ मध्ये नर्मदेचे हे खोरे नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या हाती पडले, हा वृत्तान्त आमच्या वाचकांना मुखोद्गत आहे. तो पुन्हा एकदा उगाळण्यापेक्षा आम्ही समुद्राविषयी लिहावयाचे ठरविले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर अंतरावर बसून असे लिहिणे हे कोणास धाडस वाटेल, कोणास विनोद. परंतु त्यास निमित्त झाला तो एक शब्द, आणि तो शब्द आपल्या गावचा आहे.

२००९ च्या ऑगस्टमध्ये वृत्तपत्रांत एक बातमी आली. भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावयास निघाले होते आणि या उपक्रमाचे नाव होते 'सागर परिक्रमा'. ग्वारीघाटावर आणि तिलवाराघाटावर ज्यांचे बालपण गेले त्यांच्या कानांना 'परिक्रमा' हा शब्द निराळाच ऐकू येतो. खांद्याला झोळी, हाती काठी आणि ओठी 'नर्मदे हर' अशी माणसे आपल्या दारावरून पिढ्यान्‌पिढ्या गेलेली आहेत. आपल्याच शहरातील लेखक आणि चित्रकार अमृतलाल वेगड यांनी १९७७ पासून टप्प्याटप्प्याने नर्मदाकाठ पायी तुडविला आणि त्या चालण्यातून ग्रंथ निर्माण केले. अशा गावात राहून 'सागर परिक्रमा' हे शब्द वाचल्यावर स्वस्थ कसे बसवणार?

दोन्ही परिक्रमांचे नियम शेजारी मांडून पाहिले म्हणजे मोठी मौज वाटते. नर्मदा उजव्या हाताला ठेवावयाची, तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही आणि जेथून संकल्प केला तेथेच येऊन तो पुरा करावयाचा. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून चाल तिच्या दुपटीची. सागराच्या परिक्रमेतही ज्या बंदरातून निघावे त्याच बंदरात परतावे लागते, पृथ्वीवरील सर्व रेखावृत्ते ओलांडावी लागतात, विषुववृत्त जाताना आणि येताना पार करावे लागते, आणि एकूण अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी चालत नाही. हा आकडा कोणाच्या लहरीने ठरलेला नाही. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला आणि एका कलेस एक सागरी मैल, असा तो हिशेब आहे. सुएझ किंवा पनामा यांसारख्या कालव्यांची आडवाट घ्यावयाची नाही आणि यंत्राच्या बळावर अंतर कापावयाचे नाही. परिक्रमावासीयाने मोटारीत बसू नये, तसेच हे.

या संकल्पामागचे डोके एका मराठी दर्यावर्दीचे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे १९७१ च्या युद्धात 'कामोर्टा' या युद्धनौकेचे कप्तान होते आणि त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. पुढे पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून ते १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि फलटणजवळच्या विंचुर्णी गावी, समुद्राचा वाराही पोहोचणार नाही अशा माळावर, त्यांनी घर केले. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी तेथे बसून जोपासला. २००६ मध्ये नौदलाने ती कल्पना स्वीकारली. स्वेच्छेने पुढे आले ते दोंदे. ते पाण्याखाली काम करणाऱ्या पाणबुड्या शाखेतील अधिकारी होते. समुद्राच्या पोटात शिरण्याची त्यांना सवय होती, परंतु त्याच्या पाठीवरून महिनोन्‌महिने एकट्याने जाणे हे निराळेच प्रकरण होते.

नौका बांधली ती गोव्यात, मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. अशा जातीची नौका त्यांनी त्यापूर्वी कधी बांधलेली नव्हती आणि ज्याला ती हाकारावयाची त्यानेही कधी एकट्याने महासागर ओलांडलेला नव्हता. डच आराखड्यावरून ५६ फुटांची, लाकडी पट्ट्यांवर काचतंतूंचे थर चढविलेली नौका या दोघांनी मिळून उभी केली. दोंदे बांधणीच्या काळात तेथे हजर असत आणि स्वतः हात लावीत. पुढे भर समुद्रात काही मोडले तर दुरुस्त करावयास दुसरे कोण येणार होते? २००९ च्या फेब्रुवारीत नौका नौदलात दाखल झाली. तिचे नाव 'म्हादेई', म्हणजे मांडवीचेच मूळचे नाव. एका नदीचे नाव घेऊन ती समुद्राच्या परिक्रमेला निघाली, हे नर्मदाकाठच्या माणसांना अधिक सांगावयास नको.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे यांनी मुंबई सोडली. नारळी पौर्णिमेला पंधरवडा उलटलेला होता. कोकणातील नाखव्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला संकेत नौदलाने मुद्दाम पाळला असे आम्ही म्हणत नाही. निघण्याची वेळ ठरली ती मुख्यतः दक्षिणेकडील ऋतूंच्या हिशेबाने. केप हॉर्नचे टोक दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यातच गाठले पाहिजे, हे त्यातले मुख्य गणित. वाटेत चारच मुक्काम होते: ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन. २०१० च्या जानेवारीत त्यांनी केप हॉर्न ओलांडले आणि १९ मे रोजी ते मुंबईस पोहोचले. २२ मे रोजी उपराष्ट्रपतींच्या उपस्थितीत त्यांचे औपचारिक स्वागत झाले, तेव्हा प्रस्थानास २७६ दिवस झाले होते. त्यांपैकी १५७ दिवस पाण्यावरचे. एकट्याने ही प्रदक्षिणा पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले.

आता नौकेवरील संसाराकडे वळू, कारण आमचे कुतूहल खरे तेथेच गुंतलेले आहे. अशा नौकेवर एकही वस्तू स्थिर नसते. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली असते, म्हणजे नौका कलली तरी भांडे सपाट राहते. झाकण घट्ट बसणारा कुकर अशा ठिकाणी फार उपयोगी, कारण तो लवंडला तरी आमटी जमिनीवर येत नाही. निजावयाच्या फळीला कापडाची आड लावावी लागते, नाहीतर झोपलेला माणूस पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळावयाचा. गोडे पाणी जपून वापरावयाचे. आंघोळ आणि भांडी होता होईतो खाऱ्या पाण्यात, आणि पावसाची सर आली की ती ईश्वरी प्रसाद समजून भांडी पसरावयाची. भाजी पहिल्या काही आठवड्यांत संपते. मग उरतात कांदे, बटाटे, कडधान्ये आणि डबाबंद पदार्थ. अशा सफरींसाठी मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने शिजविलेले, टिकाऊ अन्न अलीकडे सोबत दिले जाऊ लागले आहे. आमच्या आज्या परिक्रमेला निघणाऱ्याच्या झोळीत सातूचे पीठ आणि गूळ बांधून देत, त्याचीच ही शास्त्रीय आवृत्ती.

झोप हा त्याहूनही कठीण प्रश्न. एकटा माणूस रात्रभर पहाऱ्यावर राहू शकत नाही आणि रात्रभर निजूही शकत नाही. जहाजांची वर्दळ असेल तेथे वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घ्यावयाच्या, उठून क्षितिज न्याहाळावयाचे आणि पुन्हा पडावयाचे. सुकाणू स्वयंचलित यंत्राकडे सोपविलेले असते, परंतु ते यंत्र बिघडले की माणसालाच सुकाणूवर बसावे लागते. वाऱ्याचा जोर वाढला की शीड आवळावयाचे, उतरला की सोडावयाचे; दामणी कोठे झिजल्या, डोलकाठीचे ताण कोठे सैल पडले, हे रोज हात लावून पाहावयाचे. दक्षिण महासागरातील ज्या पट्ट्याला दर्यावर्दी 'गर्जणारी चाळिशी' म्हणतात, तेथे पश्चिमेचे वारे अखंड वाहतात आणि त्यांना अडवावयास जमीन जवळजवळ नाहीच. लाटा पाठीमागून डोंगरासारख्या येतात. थंडीने बोटे बधिर होतात आणि गाठी त्याच बोटांनी मारावयाच्या असतात.

पूर्वेकडे जाणाऱ्या नौकेवरील आणखी एक नवल सांगण्याजोगे आहे. रोजचा दिवस चोवीस तासांहून किंचित आखूड होत जातो आणि न्यूझीलंडच्या पुढे वाररेषा ओलांडली की तीच तारीख पुन्हा एकदा येते. एकादशीचा उपास करणाऱ्याने अशा वेळी काय करावे, याचे उत्तर धर्मसिंधूत सापडणार नाही!

शिडाच्या नौकेवर राहणारी सारीच माणसे असे व्रत घेत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, माझातलान, ला पाझ आणि कोर्तेझचा समुद्र या भागात, हिवाळ्याचे महिने नौकेवरच बिऱ्हाड करून काढणारी कुटुंबे पुष्कळ असतात. तिकडील वादळांचा हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर. तो ओसरू लागला की ती उत्तरेकडून उतरतात, एका खाडीतून दुसऱ्या खाडीत सावकाश जातात, नांगर टाकून पोरांचे धडे घेतात आणि मासे तळतात. आखाडात होड्या शाकारून ठेवणाऱ्या आमच्या कोळ्यांना ही ऋतूंची शिस्त लगेच ओळखीची वाटेल. पाणी, इंधन आणि शिधा यांचा हिशेब त्यांनाही चुकत नाही, पण बंदर एका दिवसाच्या अंतरावर असते. 'म्हादेई'चे तसे नव्हते. तिचे पुढचे बंदर अनेक आठवड्यांच्या अंतरावर असे.

मराठी माणसाने समुद्राचा अभिमान सांगताना जरा जपून बोलावे, असे आमचे मत आहे. शिवछत्रपतींनी आरमार उभारले आणि १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग बांधला. कान्होजी आंग्रे यांनी १७२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत कोकणपट्टीवर परकीयांना डोके वर काढू दिले नाही. हे सर्व खरे. परंतु ते आरमार किनाऱ्याचे होते. गलबते आणि गुराबा किल्ल्यांच्या आश्रयाने लढत. खोल महासागराची विद्या आपण मिळविली नाही आणि सिंधुबंदीच्या धाकाने मिळविण्याची इच्छाही धरली नाही. याउलट १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रजाने एकट्याने, कोठेही न थांबता पहिली प्रदक्षिणा केली, ती ३१२ दिवसांत, आणि त्याची 'सुहेली' ही सागवानी नौका बांधलेली होती आपल्या मुंबईत. नौका आमच्या कारागिरांनी घडवावी आणि तिच्यातून जग पाहावे दुसऱ्याने, ही खंत चाळीस वर्षे राहिली. त्याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली दोंदे यांनी पुढे काही धडे घेतले, हा योगायोग सुखद आहे.

तसेच या यशावर केवळ 'मराठी' असा शिक्का मारणेही आम्हांस पटत नाही. १९८५ ते १९८७ या काळात सैन्याच्या अभियंता अधिकाऱ्यांनी 'तृष्णा' नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती भारतीयांची पहिली. तो चमू अनेक प्रांतांचा होता. दोंदे यांच्यानंतर त्याच 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी या मलयाळी अधिकाऱ्याने २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता परिक्रमा पुरी केली आणि २६ जानेवारी २०१३ रोजी, प्रजासत्ताकदिनी, केप हॉर्न ओलांडले. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 'सुहेली'च्या घाटणीची, गोव्यातच बांधलेली 'थुरिया' घेऊन ते निघाले. २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीच्या मणक्याला जबर इजा झाली आणि ते नौकेतच जखडून पडले. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. ते दिवस त्यांच्या घरच्यांनी कसे काढले असतील, ही कल्पना आमच्यातील आईबापांनी करून पाहावी. तोच माणूस २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीस उभा राहिला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा येऊन पोहोचला.

दांडेकरांच्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या 'तारिणी'तून २०१७-१८ मध्ये नौदलातील सहा महिला अधिकारी जगाला वळसा घालून आल्या. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना आणि रूपा या दोघींनीच ती परिक्रमा केली. ज्या समाजात बाईने एकटीने घाटावर जाणेही एके काळी चर्चेचा विषय होई, त्यातील आमच्या वडीलधाऱ्या वाचक भगिनींना या दोन नावांविषयी काय वाटते, ते ऐकावयास आम्ही उत्सुक आहोत. ॲडमिरल आवटी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये विंचुर्णीस निवर्तले. पहिल्या सहा जणी परतलेल्या त्यांनी पाहिल्या.

नर्मदेच्या परिक्रमेतही एक टप्पा समुद्राचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दक्षिण तट संपतो तेथे विमलेश्वरहून होडीत बसावे लागते आणि खंबायतच्या आखातातून, नदीचे मुख वळसा घालून, उत्तर तटावरील मिठीतलाईस उतरावे लागते. होडी भरतीच्या वेळेवर सुटते. माणसे दाटीवाटीने बसतात, ज्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही अशी. दोन्ही काठ दिसेनासे होतात, पाण्याची चव बदलते, आणि मग बराच वेळ कोणी काही बोलत नाही. आमच्यापैकी ज्यांनी ती वाट केली आहे ते सांगतात की पहिला 'नर्मदे हर' पुन्हा उमटतो तो मिठीतलाईचा चिखल पायाला लागल्यावर.